बोईसरला गाडी दुरुस्त होईपर्यंत

नाशिकहून निघाले तेव्हा अजून धुकं होतं. गल्लीतून गाडी बाहेर काढायला स्टीयरिंग पूर्ण वळवलं आणि रोजचा तो आवाज झाला. गुडघे धरलेलं म्हातारं माणूस उठताना कण्हतं ना, तसा. समोरच्या घरात दिवा लागला. थंडी पडल्यापासून रोज सकाळी हेच चाललं होतं. चाक जड लागायचं, आवाज यायचा, आणि गाडी तापली की सगळं आपोआप गप्प व्हायचं. मग मीही दुरुस्तीचं काम पुढच्या रविवारावर ढकलायचे. पण आज पुढे घाट होते, आणि परत येताना शेजारच्या सीटवर ताई असणार होती.

आई शाल गुंडाळून खिडकीत बसली होती. तिथूनच म्हणाली, "शालूला म्हणावं, स्वेटर आण. तिकडे राहून तिला आता इथली थंडी सोसायची नाही."

ताई येणार हे आईनं धरूनच ठेवलं होतं. मीही.

शालन, माझी ताई, माझ्याहून बरीच मोठी. आई दवाखान्यात नर्स होती. तिच्या पाळ्या दिवसाच्या, रात्रीच्या, कशाही असायच्या. त्यामुळे माझी वेणी घालणं, डबा भरणं, तापात उशाशी बसणं, सगळं ताईनं केलं. मी शाळेत असतानाच तिचं लग्न झालं आणि ती समुद्राकाठी, तारापूरच्या अलीकडच्या एका गावात, नारळ-चिकूच्या वाडीत गेली. दिवाळीला यायची, मे महिन्यात यायची. मग भाऊजींना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि ताईचं येणं थांबलं ते थांबलंच. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला घाटातला प्रवास जमत नाही. मी लग्न केलं नाही. एका शाळेत चित्रकला शिकवते आणि आईपाशी असते. रोज संध्याकाळी आईचं आणि ताईचं फोनवर बोलणं व्हायचं आणि फोन ठेवला की आई म्हणायची, "आवाजानं पोट भरत नाही गं."

म्हणून यंदा शाळेला जोडून सुट्टी मिळाली तशी मी शेजारच्या काकूंना आईपाशी ठेवलं आणि ताईला आणायला निघाले.

मासवण

मोखाड्याचा घाट उतरेपर्यंत खिडकीची काच खाली करवत नव्हती. जव्हारला चहाला थांबले. टपरीसमोर माणसं गोवऱ्या पेटवून शेकत बसली होती. चहा पिऊन, गाडी थोडी निवल्यावर वळवायला घेतली, तर पुन्हा तोच आवाज. शेकणाऱ्यांतल्या एका आजोबांनी मान वर करून म्हटलं, "भूक लागली जणू तिला," आणि सगळे हसले. मीही हसले, पण पुढची सगळी वळणं खांदे ताठ करून घेतली.

विक्रमगडच्या पुढे रस्त्याकडेला बोचकी, हंडे, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन काही कुटुंबं गाडीची वाट बघत होती. भाताचं काम संपलं की डोंगरातली माणसं वीटभट्ट्यांवर जायला निघतात. आमच्या बाजूला द्राक्षाच्या कामाला येणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. ती निघतात कुठून, हे प्रथमच पाहिलं.

मनोर सोडल्यावर मासवणला नदी दिसली. पाण्यावरून वाफ निघावी तसं धुकं उठत होतं. तिथं एक बाई वालाच्या पापडीचा वाटा लावून बसली होती. ताईला आवडते म्हणून मी घ्यायला उतरले.

"कुठं चाललीस बाय एकटीच?" तिनं विचारलं.

"बहिणीला आणायला. तारापूरकडे."

"माहेराला न्यायला?" तिनं पापडीची मूठ वाढवून घातली. "ने, ने. आमी पन हिकडं कामाला येतो न तिकडं जीव लागून रातो. येल का पन ती?"

"येईल की. न यायला काय झालं?"

तिनं पिशवीचं तोंड बांधून ती माझ्या हातात दिली.

वाडी

वाडीत शिरताना रस्ता इतका अरुंद होतो की दोन्ही बाजूंची केळीची पानं काचा पुसतात. ताई अंगणात उभी होती. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मिठी मारताना तिच्या अंगाला नारळाच्या तेलाचा आणि ओल्या मातीचा वास आला. पूर्वी तिला वेगळा वास होता. कसला होता ते आठवेना.

भाऊजी ओट्यावर खुर्चीत होते. डावा हात वर करून म्हणाले, "ये नंदा. थंडी घेऊन आलीस काय नाशकाची?" त्यांनी कानटोपी घातली होती, गळ्याला मफलर होता आणि मला पंख्याची आठवण येत होती. इथल्या थंडीला आम्ही नाशिकमध्ये थंडी म्हणत नाही. पण इथं सगळे स्वेटरात होते आणि मला पाहून शेजारची एक बाई काळजीनं म्हणाली, "यांना चादर तरी द्या."

दुपारी ताईनं उकडहंडी केली. मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी, सुरण, वाटलेला हिरवा मसाला, आणि पाण्याचा थेंबही नाही. तोंडाला पानं कोंबून मडकं पालापाचोळ्याच्या जाळात. आमच्याकडे थंडी म्हणजे बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं शेंगोळं. लहानपणी ते शेंगोळं ताई करायची. मी म्हटलं, "तुझ्या हातच्या शेंगोळ्याची आई रोज आठवण काढते." ती मडक्याशी वाकलेली होती, तशीच म्हणाली, "मला आता हुलगे दळायचंसुद्धा लक्षात राहत नाही गं. इथं कोण खातंय?"

जेवण झाल्यावर मी विषय काढला. चार दिवस. फार नाही. ताईचा मुलगा वापीहून येऊन राहील, तो फोनवर हो म्हणालाय.

"तो सकाळचा कामावर जाईल ना इथून? मग? यांना आंघोळ कोण घालणार, औषध कोण देणार?" ताई म्हणाली. "आईला सांग, उन्हाळ्यात येते."

"तू मागच्या थंडीतही उन्हाळ्यात म्हणाली होतीस."

भाऊजी ओट्यावरून ऐकत होते. ताईनं ताटं उचलली. मी दुसऱ्या दिवशी परत निघायचं असं ठरवलं. चिडले होते, दुसरं काय.

बोईसर

सकाळी गाडी सुरू केली. वाडीत झाडांखाली रात्रभर गारवा साठलेला होता. स्टीयरिंग वळवलं, तर असा कण्हण्याचा आवाज आला की केळीतला कुत्रा उठून पळाला. भाऊजी म्हणाले, "ही घेऊन घाट चढू नको. बोईसरला मेस्त्रीकडे दाखव आधी."

ताई म्हणाली, "मीही येते, यांच्या गोळ्या आणायच्याच आहेत." कामाला येणारी बाई तोवर घरात होती.

बोईसर हे ताईच्या वाडीपासून फार लांब नाही, पण दुसऱ्याच मुलखात गेल्यासारखं वाटतं. पाळी सुटलेली माणसं कंपन्यांच्या बसमधून उतरत होती, दुसरी चढत होती. नाक्यावर रिक्षांची रांग, वडापावच्या गाड्या, भाड्याच्या खोल्यांच्या गॅलरीत वाळणारे निळे गणवेश, आणि कानावर सगळीकडून हिंदी. वारा फिरला की घशात खवखवणारा एक वास. ताई त्या गर्दीतून सराईतपणे चालत होती. रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला, मी सात वर्षांची असल्यासारखा.

मेस्त्री पन्नाशीचे, कानाला सतत फोन. बोलता बोलताच त्यांनी बॉनेट उघडलं, मला स्टीयरिंग फिरवायला लावलं. आवाज नाही. गाडी तापली होती.

"ताय, आवाज कुठं हाय?"

"सकाळी येतो. थंड असताना."

"पट्टा ढिला असंल." त्यांनी पट्टा ताणला, पॉवर स्टीयरिंगचं तेल कमी होतं ते भरलं. "जावा आता. कायबी नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज होताच. पुन्हा बोईसर, पुन्हा गाडी तापलेली, पुन्हा शांतता. मेस्त्रींनी डोकं खाजवलं. "मला तो आयकायचाच हाय. गाडी रातभर हितंच सोडा. उद्या सकाळी मी हात लावायच्या आदी तुमी या."

म्हणजे आणखी एक मुक्काम. मी आईला फोन करून सांगितलं, गाडी बिघडलीय. आई म्हणाली, "शालू येतेय ना पण?" मी म्हटलं, "बघू."

परतताना रिक्षात ताई खुशीत होती. "बरं झालं बिघडली," ती म्हणाली. "नाहीतर तू कालच गेली असतीस." आणि मला एकदम रडू आलं. मी बाहेर बघत बसले. मिठागरांसारखी पांढुरकी जमीन, मग कारखान्यांच्या भिंती, मग पुन्हा झाडं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी समुद्रावर गेलो. ओहोटी होती. कोळणी सुकत घातलेले बोंबील गोळा करत होत्या. ताई वाळूत पाय पसरून बसली. मग तीच म्हणाली, "तुला वाटतं, मला आठवण येत नाही. सकाळी चूल पेटवताना पहिली आईच आठवते. ती रात्रपाळीहून यायची, पाय धुवायची, आणि मला म्हणायची, शालू, तू जरा नीज आता. मला नीज म्हणणारं माणूस तेवढं एकच होतं नंदू."

"मग चल की."

"यांना उठवून बसवताना एक ठरावीक जागा धरावी लागते, काखेच्या खाली. दुसऱ्यानं धरलं तर दुखतं. ते बोलत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं. तो चेहरा मला तिथं बसून दिसेल. मग मी आईजवळ बसून काय करू?"

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईचं नाव घेऊन मी आले होते खरी, पण ताई हवी होती ती मलाच. आई झोपल्यावर घरात जी शांतता होते तिच्यात मला ताईचा आवाज हवा होता. हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या केसांवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत असा हात तिनंच माझ्या केसांवर फिरवला होता.

पुन्हा बोईसर

सकाळी रिक्षेनं पोचलो तेव्हा गॅरेजच्या पत्र्यावरून दव ठिबकत होतं. मेस्त्री हात चोळत उभे. आज फोन खिशात. मी गाडी सुरू केली, चाक वळवलं, आणि आवाज झाला.

"हां! आला!" मेस्त्री लहान मुलासारखे आनंदले. बॉनेटमध्ये वाकून त्यांनी मला जवळ बोलावलं. तेलाच्या डबीत फेस आला होता, साबणाच्या पाण्यासारखा. डबीपासून पंपापर्यंत जाणारा एक रबरी पाइप होता. जुना झाला होता, लाकडासारखा कडक. "थंडीत ह्यो आकसतो, तेलपन जाड होतं. मंग क्लिपेतून हवा खेचतो. तापला की फुगतो न गप बसतो. परवा मी उगाच पट्ट्यामागं लागलो."

त्यांनी पाइप बदलला, नवी क्लिप बसवली, काळं पडलेलं तेल काढून टाकलं. मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. आता आतली हवा काढायची होती. इंजिन बंद ठेवून कोणीतरी स्टीयरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि कोणीतरी डबीकडे बघत तेल घालत राहायचं. त्यांचा माणूस आला नव्हता.

"ताय, तुमी बसा न," ते ताईला म्हणाले.

"मी? मी कधी बसले नाही त्या बाजूला."

"चालवायची नाय. फिरवायचं फक्त."

ताई पदर खोचून चालकाच्या जागेवर बसली. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं, जात्याचा खुंटा धरावा तसं. मी डबीपाशी तेल घेऊन उभी राहिले.

"डावीकडं. पुरं. आता उजवीकडं. सावकाश, ताय, सावकाश!"

ती फिरवत होती आणि डबीत बुडबुडे येत होते. एकेक बुडबुडा वर येऊन फुटायचा, तेल खाली जायचं, मी वर ओतायचे. पहिल्यांदा चाक जड होतं, तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग हलकं होत गेलं. काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता. ती हसत होती. घरातली कामं करताना हसते तसं नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती एकदा नाचली होती, तेव्हाचं हसू. मी पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर होते.

बुडबुडे थांबल्यावर मेस्त्रींनी इंजिन सुरू करायला लावलं. ताईनं पुन्हा चाक फिरवलं. काही ऐकू आलं नाही. नुसतं इंजिन. मेस्त्री म्हणाले, "झाली. आता कुठं पन जा."

वाडीत परतलो तर ओट्यावर तीन कप चहा झाकून ठेवलेले. बशांमध्ये निम्मा सांडलेला. स्टुलावर साखर विखुरलेली, मुंग्या लागलेल्या. कामाची बाई बाजूला उभी, तिला हात लावू दिला नव्हता.

"डाव्या हातानं केला," भाऊजी म्हणाले. "तुमी दोगी गेल्या म्हणून करून बघितला."

ताई धावत त्यांच्या हाताकडे गेली. "भाजलं नाही ना कुठं?"

"नाय. पी आधी." मग ताईकडे न बघता म्हणाले, "शालन, गाडी सुधारली हाय. तू जा. आईचे वाट बघायचे दिवस किती उरले असतील कोणास ठाऊक. मुलगा राहील, बाई हाय. मी काय मरत नाय चार दिसांत."

ताईनं चहा प्यायला. गार होता आणि फार गोड. मग ती आत गेली, आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

नाशिक

मुलगा वापीहून आला तशा आम्ही निघालो. घाट चढताना ताई खिडकीबाहेर बघत होती आणि प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं म्हणत होती. घरी पोचल्यावर आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "वाळलीस." ताई म्हणाली, "तूच वाळलीस."

पहिल्या दिवशी ताईनं हुलग्याचं पीठ मळलं. शेंगोळं तिला अजून जमत होतं. आईनं ताट चाटून पुसून खाल्लं. ताई आईची नखं कापायची, तिच्या पायांना तेल लावायची, आणि मी शाळेतून यायचे तर दारातच लसणाच्या फोडणीचा वास असायचा. मी चपला काढताना मुद्दाम वेळ लावायचे.

पण दुसऱ्या दिवसापासून ताईच्या हाताला फोन चिकटला. गोळी दिली का? पाणी कोमट होतं का? कोणत्या बाजूनं उठवलं? रात्री ती दोन-दोन स्वेटर घालून कुडकुडत बसायची आणि म्हणायची, "आमच्याकडे आता सुपारी सोलायला काढली असेल." आमच्याकडे. हा शब्द ती पूर्वी तिथं बसून नाशिकबद्दल वापरायची.

आई हे सगळं पाहत होती. अजून दोन दिवस बाकी होते. मी शाळेतून आले तेव्हा ताई न्हाणीघरात होती, आणि आईनं मला जवळ बसवलं.

"उद्या गाडी काढ. पोचवून ये हिला."

"आई! एवढ्या दिवसांनी आलीय."

"देहानं आलीय, जीव तिकडं ठेवून आलीय." आई माझा हात कुरवाळत म्हणाली, "मी तिच्या हातचं खाल्लं, तिला डोळे भरून पाहिलं. माझं भागलं नंदू."

माझं भागलं नव्हतं. पण ते म्हणायची ही वेळ नव्हती. मी उठून गाडीची चावी जागेवर आहे का बघितली.

सकाळी निघताना आई आणि ताई दोघी रडल्या नाहीत. आईनं फक्त म्हटलं, "शालू, जरा नीज गाडीत," आणि ताईनं मान हलवून लगेच डोळे मिटून घेतले. गाडी गल्लीबाहेर पडली तरी तिनं ते उघडले नाहीत.

परत वाडीत

पालघर ओलांडल्यावर हवा बदलली. ताईनं एक स्वेटर काढला, मग दुसरा. वाडीच्या वळणापाशी, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर, एक माणूस काठी टेकून बसलेला दिसला. ताई ओरडली, "थांब, थांब!" गाडी पूर्ण थांबायच्या आत तिनं दार उघडलं.

भाऊजी होते. घरापासून इथवर ते चालत आले होते, एकटे. पायजम्याला धूळ लागली होती, एक चप्पल निसटलेली.

"कोणी सांगितलं होतं इतकं चालायला?" ताई चिडून म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

"कोणी नाय," भाऊजी म्हणाले. "मासवण गेलं म्हणून नंदानं फोन केलान, मंग बसवलं नाय."

ताईनं खाली वाकून त्यांची चप्पल नीट केली. काखेखाली त्या ठरावीक जागी हात घातला आणि त्यांना उठवलं. मी गाडीत बसायचा आग्रह केला, तर भाऊजी म्हणाले, आलो तसा जाईन. मग ती दोघं केळींमधल्या रस्त्यानं चालू लागली, अगदी हळू. त्यांचं एक पाऊल पडलं की तिचं पडायचं. ताई त्यांना काहीतरी सांगत होती, बहुधा आईबद्दल, आणि ते मान हलवत होते.

थोडं पुढं गेल्यावर तिला माझी आठवण झाली. ती मागं वळली. "नंदू, येतेस ना आत? चहा टाकते, घेऊनच जा."

ताईनं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी काय करायचं ते ती आजवर सांगत आली होती. हात धू, बस, खा. आज तिनं मला तिच्या घरी चहाला बोलावलं.

"येते," मी म्हटलं. ती दोघं वळणाआड गेली. मी गाडीचं इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.